फूड बँक चालते कशी? गोदामापासून ताटापर्यंतचा हिशेब

समजा, एका कंपनीने बिस्किटांच्या पुड्याचं रूप बदललं. नवे पुडे बाजारात आले आणि जुन्या पुड्यांचा दोन ट्रक माल तसाच पडून राहिला. माल ताजा आहे, खायला उत्तम आहे, पण दुकानदार तो मांडायला तयार नाहीत. कंपनीला याच आठवड्यात जागा मोकळी हवी आहे. तिथून पन्नास-साठ किलोमीटरवर एक छोटी संस्था दर शनिवारी दीडशे कुटुंबांना शिधा देते, आणि तिच्या फळ्यांवर या शनिवारसाठी जवळपास काहीच नाही.

दोघांनाही एकमेकांची गरज आहे. पण कंपनी काही दहा-दहा खोकी घेऊन शंभर संस्थांचे उंबरे झिजवणार नाही. आणि त्या संस्थेकडे दोन ट्रक उतरवून घ्यायला ना जागा आहे, ना माणसं, ना फोर्कलिफ्ट. अन्न आहे, भूकही आहे. घोडं अडतं ते मधल्या वाटेवर. प्रादेशिक फूड बँक ही मधली वाट बांधते. शेकडो दात्यांकडून मोठ्या प्रमाणात माल घ्यायचा, तपासायचा, साठवायचा आणि आपल्या भागातल्या शेकडो लहान संस्थांना त्यांना झेपेल इतका द्यायचा, हे तिचं मुख्य काम.

फूड बँक म्हटलं की खिडकीसमोर रांगेत उभी असलेली माणसं अनेकांच्या डोळ्यांसमोर येतात. ब्रिटनमध्ये ते चित्र बरचसं खरं आहे. तिथे थेट गरजूंच्या हातात शिधा देणाऱ्या केंद्रालाच फूड बँक म्हणतात, आणि बऱ्याच केंद्रांत डॉक्टर, समाजसेवक किंवा सल्ला केंद्राने दिलेली चिठ्ठी घेऊन जावं लागतं. अमेरिका आणि युरोपच्या मोठ्या भागात मात्र फूड बँक म्हणजे शहराबाहेरच्या औद्योगिक पट्ट्यातलं एक भलंमोठं गोदाम. तिथे गरजू माणूस सहसा येतच नाही. तो जातो त्याच्या वस्तीतल्या वाटप केंद्रात, सामुदायिक स्वयंपाकघरात, निवाऱ्यात, शाळेत. या लेखात मी गोदामाच्या पद्धतीबद्दल लिहितो आहे, कारण प्रादेशिक पातळीवरचं खरं काम तिथे चालतं आणि ते कुणाला दिसत नाही.

ही कल्पना अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातली. जॉन व्हॅन हेंगेल हे फीनिक्स शहरात एका सामुदायिक भोजनालयात स्वयंसेवक म्हणून काम करायचे. बागांमध्ये झाडाखाली पडून राहणारी फळं गोळा करून ते भोजनालयात आणत. फळं इतकी जमू लागली की एका भोजनालयाला ती संपेनात. दुकानांच्या मागच्या कचराकुंडीतून चांगलं अन्न वेचून मुलांना वाढवणाऱ्या एका आईशी त्यांचं बोलणं झालं, आणि अन्न जमा करायचं नि लागेल तेव्हा काढायचं असं एखादं ठिकाण हवं, हा विचार त्यातून पुढे आला. १९६७ मध्ये स्थानिक सेंट मेरी चर्चने दिलेल्या एका रिकाम्या इमारतीत पहिली फूड बँक सुरू झाली. पहिल्याच वर्षात एक लाख किलोहून जास्त अन्न तिथून गेलं.

पुढची पावलं झपाट्याने पडली. अमेरिकेतल्या फूड बँकांचं देशव्यापी जाळं १९७९ मध्ये उभं राहिलं. २००८ पासून ते ‘फीडिंग अमेरिका’ या नावाने ओळखलं जातं आणि त्यात सुमारे २०० फूड बँका आहेत. कॅनडातली पहिली फूड बँक १९८१ मध्ये एडमंटनला निघाली, फ्रान्समधली १९८४ मध्ये पॅरिस परिसरात, आणि १९८६ मध्ये युरोपातल्या फूड बँकांचा महासंघ स्थापन झाला. २००६ मध्ये ‘ग्लोबल फूडबँकिंग नेटवर्क’ आलं आणि हे काम जगभर पोचायला वेग मिळाला.

याची गरज किती मोठी आहे ते दोन आकड्यांवरून कळतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न घरं, उपाहारगृहं आणि दुकानं या तीन ठिकाणी वाया गेलं, म्हणजे ग्राहकांपर्यंत पोचू शकणाऱ्या अन्नाचा जवळपास पाचवा हिस्सा. संयुक्त राष्ट्रांच्याच दुसऱ्या एका अहवालाप्रमाणे २०२३ मध्ये जगात सुमारे ७३ कोटी लोक उपाशी किंवा अर्धपोटी होते. वाया जाणाऱ्या त्या अन्नातलं ६० टक्के घराघरांतून वाया जातं, हेही लक्षात ठेवायला हवं. ते परत मिळवणं फूड बँकेच्या आवाक्यातलं नाही. तिचा हात पोचतो तो कारखाना, शेत, घाऊक बाजार आणि दुकान इथपर्यंत.

माल येतो कुठून?

सगळ्यात आधी येतात कारखाने. पुड्याचं रूप बदललं, सणासाठी केलेलं खास वेष्टन सण उलटल्यावर उरलं, मागणीचा अंदाज चुकला, खोकं चेपलं, अशा कारणांनी बाजाराला नको झालेला पण पूर्ण चांगला माल त्यांच्याकडे साचतो. दुसरं म्हणजे मोठी किराणा दुकानं. त्यांच्याकडून रोज थोडं थोडं, पण मोलाचं अन्न मिळतं: ब्रेड, दूध, अंडी, मांस, भाजी. हे गोळा करणं कष्टाचं असतं, कारण प्रत्येक दुकानातून माल उचलायला वेळेवर थंड गाडी लागते, आणि एखादी फेरी चुकली तर तो सगळा माल कचऱ्यात जातो. तिसरा स्रोत शेतकरी. गाजर वाकडं निघालं, सफरचंद ठरलेल्या मापापेक्षा लहान राहिलं, किंवा भाव इतका पडला की काढणीचा खर्चही सुटेना, की उभं पीक शेतातच राहतं. काही ठिकाणी स्वयंसेवक जाऊन ते काढतात, तर काही ठिकाणी फूड बँक काढणीची आणि पेट्यांची मजुरी देते आणि शेतकरी माल देतो. मला ही दुसरी पद्धत जास्त न्याय्य वाटते. शेतकऱ्याने माल तर दिलाच, वर पदरमोडही करावी ही अपेक्षा बरोबर नाही.

अनेक देशांत सरकारही माल देतं. अमेरिकेत याची सुरुवात चीजपासून झाली. दुधाचे भाव टिकावेत म्हणून सरकारने खरेदी केलेलं चीज गोदामांत साचत गेलं, आणि डिसेंबर १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी त्यातलं ३ कोटी पौंड चीज गरजूंना वाटायला मोकळं केलं. १९८३ मध्ये त्यासाठी कायदा झाला. तात्पुरती म्हणून आणलेली ती योजना आज चार दशकांनंतरही सुरू आहे आणि तिथल्या फूड बँकांच्या मालाचा मोठा वाटा तिच्यातून येतो.

सर्वसामान्य लोक देतात ते डबे आणि पुडे दिसायला खूप दिसतात, पण एकूण मालात त्यांचा वाटा लहान असतो. याशिवाय जे दानातून कधीच पुरेसं मिळत नाही, जसं खाद्यतेल, डाळी, लहान मुलांचा आहार, ते फूड बँक सरळ घाऊक बाजारातून विकत घेते.

दात्यांना एक भीती असते. दिलेलं अन्न खाऊन कुणी आजारी पडलं तर? या भीतीपायी पूर्वी कंपन्या चांगला माल नष्ट करणं पसंत करत. अमेरिकेने १९९६ मध्ये कायदा करून सद्हेतूने अन्न देणाऱ्याला कायदेशीर संरक्षण दिलं. घोर निष्काळजीपणा किंवा जाणूनबुजून केलेली आगळीक असेल तरच तो जबाबदार धरला जातो. फ्रान्सने २०१६ मध्ये दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटना खाण्याजोगं अन्न मुद्दाम नासवायला बंदी घातली आणि ते स्वीकारणाऱ्या संस्थांशी करार करण्याचं बंधन आणलं. एका देशाने दात्याची धास्ती घालवली, दुसऱ्याने त्याच्यावर जबाबदारी टाकली. फूड बँक चांगली चालायची तर या दोन्हींचा आधार असावा असं मला वाटतं.

तपासणीचं टेबल

गोदामात ट्रक लागला की पहिली तपासणी दारातच होते. थंड मालाच्या गाडीचं दार उघडल्याबरोबर तापमान मोजतात. दूध-मांस ५ अंशांच्या वर आणि गरम शिजवलेलं अन्न ६० अंशांच्या खाली गेलं की जंतू झपाट्याने वाढतात. गोठवलेल्या मालासाठी उणे १८ अंश ही रेषा धरतात. माल वाटेत ऊबदार झालाय असं दिसलं, तर कितीही महागडा असो, तो दारातूनच परत जातो. नंतर प्रत्येक पॅलेटला, म्हणजे खोकी रचलेल्या फळीला, बारकोड लागतो. कुठला माल, कुणाकडून, कधी आला, कुठल्या रांगेत ठेवला आणि पुढे कुणाला गेला ही नोंद ठेवायलाच हवी, कारण उद्या कंपनीने एखादा लॉट सदोष म्हणून परत मागवला तर त्यातला शेवटचा डबा कुठल्या वस्तीतल्या केंद्रात आहे हे काही तासांत सांगता आलं पाहिजे.

कारखान्यातून आलेला एकसारखा माल सरळ रॅकवर चढतो. किराणा दुकानांतून आणि लोकांकडून आलेला मिसळीचा माल मात्र लांब टेबलांवर जातो. तिथे स्वयंसेवक उभे असतात, आणि फूड बँकेतलं सगळ्यात बारकाईचं काम तेच करतात.

पत्र्याचा डबा घ्या. आधी तो दोन्ही तोंडांकडून दाबून पाहायचा. झाकण फुगलेलं असेल किंवा दाबल्यावर टक्‌ असा आवाज करून आतबाहेर होत असेल तर डबा लगेच बाद, कारण आत वायू तयार झालेला असू शकतो आणि बॉट्युलिझम ही बंद डब्यात वाढणाऱ्या जंतूंची विषबाधा जीवघेणी असते. मग बोट कडेवरून फिरवायचं. मधल्या भागावर उथळ पोचा असला तर चालतं. पण तोच पोचा वरच्या-खालच्या कडेवर किंवा उभ्या सांध्यावर असेल तर तो डबा ठेवत नाहीत. सांध्याला डोळ्यांना न दिसणारी फट पडलेली असू शकते. पोच्याला टोक आलं असेल, बोटाला टोचत असेल, तरीही बाद. गंज पुसून निघाला तर डबा चांगला, पुसूनही खड्डे राहिले तर नाही. लेबल पूर्ण निघालं असेल तर आतला माल उत्तम असूनही तो देता येत नाही, कारण शेंगदाणे, दूध किंवा गहू न चालणाऱ्या माणसाला आत काय आहे हे कळलंच पाहिजे. हे सगळं एका डब्यामागे काही सेकंदांत उरकायचं असतं. ‘घालू की नको’ अशी शंका आली तर उत्तर ठरलेलं: नको.

भूक लागलेल्या माणसाला कसंही चालेल, हा समज या टेबलापाशी निकालात निघतो. जे स्वतःच्या घरी ठेवणार नाही ते दुसऱ्याच्या पिशवीत घालायचं नाही, हे तिथे पहिल्या दिवशी शिकवतात.

तारखांचा प्रश्न जरा गुंतागुंतीचा आहे, आणि घरातली नासाडीही यानेच वाढते म्हणून समजून घेण्यासारखा आहे. पुड्यावरच्या तारखा दोन प्रकारच्या असतात. एक सांगते की या दिवसापर्यंत पदार्थ उत्तम चवीचा राहील. दुसरी सांगते की या दिवसानंतर खाऊ नका. पहिली गुणवत्तेची, दुसरी सुरक्षिततेची. युरोपात हा फरक कायद्याने स्पष्ट केलेला आहे. अमेरिकेत तर लहान बाळांचं फॉर्म्युला दूध सोडलं तर केंद्रीय नियमांनुसार तारीख छापणं सक्तीचंही नाही. बहुतेक तारखा कंपनी स्वतः ठरवते. त्यामुळे पहिल्या प्रकारची तारीख उलटलेला बंद डबा किंवा कोरडा शेवयांचा पुडा, नीट साठवलेला असेल तर, पुढे बराच काळ खाण्याजोगा असतो, आणि कुठला पदार्थ किती काळ ठेवायचा याचे तक्ते फूड बँकांकडे तयार असतात. बाळांच्या दुधाच्या बाबतीत मात्र तारीख उलटली की विषय संपला. रॅकवरून माल काढतानाही जो आधी आला तो आधी काढत नाहीत. ज्याची मुदत आधी संपणार आहे तो आधी निघतो.

कुणाला किती आणि काय?

इथे खरी मेख आहे. माल जमवणं अवघड असतंच, पण जमलेला माल योग्य ठिकाणी योग्य वेळी पोचवणं त्याहून अवघड.

एका फूड बँकेच्या हद्दीत अनेक जिल्हे येतात. तिच्या कामाची सुरुवात नकाशापासून होते: कुठे गरिबी जास्त, कुठे भाडी वाढली, कुठला कारखाना बंद पडला, कुठल्या गावाजवळ दुकानच नाही. शहरात केंद्रं भरपूर आणि दूरच्या गावांत एकही नाही, हे चित्र सगळीकडे दिसतं. म्हणून अनेक फूड बँका फिरती वाटप गाडी चालवतात. ट्रक ठरलेल्या दिवशी शाळेच्या किंवा प्रार्थनास्थळाच्या मैदानात थांबतो, टेबलं मांडली जातात, आणि दोन तासांत भाजीपाल्याच्या पेट्या रिकाम्या होतात. नाशवंत मालासाठी हा मार्ग फार उपयोगाचा, कारण तो माल छोट्या केंद्राच्या एकुलत्या फ्रीजमध्ये मावतच नाही.

पण देशभरातला माल वेगवेगळ्या फूड बँकांमध्ये वाटायचा कसा? फीडिंग अमेरिकेने यासाठी जे केलं ते या क्षेत्रातलं माझ्या मते सगळ्यात हुशार काम आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

२००५ पर्यंत तिथे रांगेची पद्धत होती. गरजेच्या हिशेबाने जी फूड बँक रांगेत पुढे, तिला मुख्यालयातून फोन जायचा: अमुक ट्रकभर माल आहे, घेणार का? काही तासांत हो-नाही कळवायचं, आणि वाहतुकीचा खर्च घेणाऱ्याने करायचा. यात मालाचं फक्त वजन मोजलं जायचं, एक पौंड म्हणजे एक पौंड. बटाट्याच्या वेफर्सचा असो की शेंगदाण्याच्या लोण्याचा. मुख्यालयाला हे माहीत नसायचं की समोरच्या गोदामात काय भरून आहे आणि काय संपलंय. मग बटाट्याचं कोठार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आयडाहो राज्याला बटाटेच देऊ केले जायचे.

शिकागो विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ कॅनिस प्रेंडरगास्ट आणि त्यांचे सहकारी फूड बँकांच्या संचालकांबरोबर बसले आणि नवी पद्धत आखली. प्रत्येक फूड बँकेला तिच्या भागातल्या गरजेप्रमाणे ‘शेअर’ नावाचं एक आभासी चलन मिळतं. ज्या भागात गरिबी जास्त, त्याला जास्त शेअर. देशभरातून आलेला माल यादीत लागतो आणि दिवसातून दोनदा त्यावर बंद बोली होते, म्हणजे कुणी किती शेअर लावले हे बोली लावताना इतरांना दिसत नाही. मला दूध भरपूर मिळतं पण कोरडा माल नाही, तर मी माझे शेअर कोरड्या मालावर लावीन. तुमच्या राज्यात भाजी पिकत नाही, तर तुम्ही भाजीवर लावाल. रात्री, दिवसभरात खर्च झालेले सगळे शेअर पुन्हा त्याच गरजेच्या सूत्राने सगळ्यांना वाटले जातात. म्हणून चलन संपत नाही आणि कुणी साठेबाजी करून फायदा उकळू शकत नाही.

गरिबांच्या अन्नाचा लिलाव, या कल्पनेनेच अनेक संचालक बिथरले होते, आणि त्यांची शंका रास्त होती. मोठ्या फूड बँका मनुष्यबळाच्या जोरावर लहानांना मागे टाकतील, ही मुख्य भीती. म्हणून लहान फूड बँकांना शेअर उसने घेण्याची सोय ठेवली, आणि ज्यांच्याकडे रोज बोली लावायला माणूस नाही त्यांच्या वतीने बोली लावण्याचीही. जो माल कुणालाच नको असतो त्याची किंमत शून्याखालीही जाऊ शकते. म्हणजे तो उचलणाऱ्याला वर शेअर मिळतात, आणि दात्याचा ट्रक रिकामा होतो. आपल्याकडचा जास्तीचा माल इतर फूड बँकांना याच यादीतून देऊन शेअर मिळवता येतात, त्यामुळे जो माल पूर्वी आपापल्या गोदामात दडून राहायचा तो बाहेर आला. कुणाला काय हवंय हेही पहिल्यांदाच सगळ्यांना दिसू लागलं. नाश्त्याच्या सीरियलसाठी फूड बँका ताज्या भाजीपेक्षा कितीतरी पट शेअर मोजत होत्या, कारण सीरियल टिकतं आणि मुलं ते खातात, तर भाजी बऱ्याच जणींना आपल्याच भागातून मिळत होती. रांगेच्या पद्धतीत हे कळायला वावच नव्हता.

शेवटची पायरी: वाटप केंद्र

माल शेवटी हातात देणारी केंद्रं फूड बँकेच्या मालकीची नसतात. प्रार्थनास्थळं, शेजारसंस्था, शाळा, वृद्धांसाठीची केंद्रं अशा संस्था करार करून जाळ्यात येतात. त्यांना काही अटी पाळाव्या लागतात: अन्न विकायचं नाही, त्याच्या बदल्यात काम किंवा प्रार्थना मागायची नाही, साठवणुकीची जागा स्वच्छ नि कुलपाची हवी, फ्रीजच्या तापमानाची रोज नोंद हवी, निदान एकाने अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण घेतलेलं हवं. फूड बँकेची माणसं ठरावीक काळाने येऊन हे तपासतात. काही फूड बँका मालाच्या वजनावर थोडं हाताळणी शुल्क घेतात, पण आता अनेकींनी ते माफ केलं आहे.

केंद्रात अन्न कसं देतात यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे. जुनी पद्धत आधीच भरलेल्या पिशवीची. सगळ्यांना सारखी पिशवी, वाटप झटपट, हिशेब सोपा. पण मधुमेह असलेल्या आजीच्या पिशवीत गोड सरबताची बाटली, घरात फक्त एक वीजशेगडी असलेल्याच्या पिशवीत तासभर शिजणारी कडधान्यं, मांस न खाणाऱ्याच्या पिशवीत मांसाचा डबा. त्या वस्तू घरी जाऊन पडून राहतात आणि वाया जातात. नव्या पद्धतीत केंद्र दुकानासारखं मांडलेलं असतं. माणूस टोपली घेऊन फिरतो आणि घरातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे प्रत्येक फळीवरून ठरलेल्या मर्यादेत हवं ते उचलतो. जागा आणि माणसं थोडी जास्त लागतात. पण नासाडी कमी होते, आणि आज घरी काय शिजेल हे ठरवण्याचा हक्क त्या आईच्या हातात राहतो. ज्या केंद्रांनी अजून हा बदल केला नाही त्यांनी जागेची सबब सांगू नये; एका टेबलावर चार पर्याय मांडूनही सुरुवात होते.

पौष्टिकतेकडेही आता नीट लक्ष दिलं जातं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या एका गटाने मदतीच्या अन्नासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. साखर, मीठ आणि संपृक्त चरबी पाहून पदार्थ हिरव्या, पिवळ्या नि लाल गटात लावायचे, हिरवे डोळ्यांसमोर ठेवायचे. काही फूड बँका गोड शीतपेयं दानात घेतच नाहीत. दात्याला नाही म्हणणं भिडस्त संस्थेला जड जातं, पण ते शिकावं लागतं.

मुलांसाठी निराळा मार्ग लागतो. शाळेत जेवण मिळणारी मुलं शनिवार-रविवारी उपाशी राहतात, हे अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात लिटल रॉकच्या एका शाळेतल्या परिचारिकेच्या लक्षात आलं; पोटदुखी आणि चक्कर घेऊन तिच्याकडे येणाऱ्या मुलांचं दुखणं भुकेचं होतं. स्थानिक फूड बँकेने त्यांच्या दप्तरात शुक्रवारी सहज खाता येईल असं अन्न द्यायला सुरुवात केली, आणि ती पद्धत देशभर गेली. लांब सुट्टीत ही अडचण आणखी वाढते. आणि नेमक्या त्याच महिन्यांत देणग्या आटतात, कारण लोक देतात ते सणांच्या दिवसांत. भुकेचं वेळापत्रक आणि दानाचं वेळापत्रक जुळत नाही. गोदामातला साठा ही दरी भरतो.

साठ्याची परीक्षा २०२० मध्ये झाली. कोविडमुळे कामं गेली, केंद्रांसमोर गाड्यांच्या रांगा लागल्या. ९ एप्रिल २०२० रोजी टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोत एकाच वाटपाला सुमारे १०,००० कुटुंबं आली. त्याच वेळी लोकांनी घाबरून खरेदी केल्याने दुकानांत उरणारा माल आटला, आणि स्वयंसेवकांत ज्येष्ठांची संख्या मोठी असल्याने टेबलापाशी उभं राहायला माणसं उरली नाहीत. अनेक राज्यांत नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाचे जवान खोकी भरायला आले. गाडीच्या डिकीत न बोलता खोकं ठेवायचं, ही पद्धत तेव्हाची. गरजेपोटी निवडीची पद्धत काही काळ बाजूला ठेवावी लागली, आणि ती परत आणायला अनेक केंद्रांना बराच वेळ लागला.

आकडे वाचताना

फूड बँकेच्या अहवालात ‘इतके लाख जेवणं दिली’ असं वाक्य असतं. ती ताटं कुणी मोजलेली नसतात. अमेरिकेत १.२ पौंड, म्हणजे साधारण ५४५ ग्रॅम अन्न बरोबर एक जेवण असं धरतात आणि वाटलेल्या एकूण वजनाला त्याने भागतात. हिशेबाला ते ठीक आहे. पण वजनात पाण्याची बाटलीही येते आणि डाळही. त्यामुळे एखादी फूड बँक कशी चालली आहे हे पाहायचं असेल तर वजनाबरोबर आणखी काही गोष्टी विचाराव्यात: ताज्या भाजीपाल्याचा वाटा किती, आलेल्यापैकी किती माल फेकावा लागला, दूरच्या गावांत वाटप महिन्यातून कितीदा होतं, कामाला जाणाऱ्यांसाठी संध्याकाळी केंद्र उघडं असतं का.

आणि एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. फूड बँक आजची भूक भागवते. कमी पगार, वाढतं भाडं, आजारपणाचं कर्ज यांवर तिच्याकडे उपाय नाही. सरकारने अन्नसुरक्षेची स्वतःची जबाबदारी झटकून ती दानावर सोपवावी, हा तिच्यापुढचा सगळ्यात मोठा धोका आहे असं मी मानतो. चांगल्या फूड बँका हे जाणून असतात. म्हणून त्यांच्या केंद्रांत शिध्याबरोबर सरकारी योजनांचे अर्ज भरून द्यायला माणूस बसलेला असतो, आणि गोदामातल्या नोंदींच्या आधारे त्या धोरणकर्त्यांपुढे बोलतात.

तुम्हाला मदत करायची असेल तर पैसे द्या. ते सगळ्यात जास्त उपयोगी पडतात, कारण फूड बँक घाऊक भावाने घेते आणि जे कमी आहे तेच घेते. वस्तूच द्यायच्या असतील तर आधी त्यांची सध्याची यादी पाहा, काचेच्या बरण्या टाळा, आणि घरातलं उघडलेलं किंवा शिजवलेलं अन्न देऊ नका. वेळ द्यायचा असेल तर सणांचे दिवस सोडून एरवीचा एखादा मधला वार निवडा आणि तो दर महिन्याला पाळा. तपासणीच्या टेबलापाशी माणसं कमी पडतात ती अशाच दिवशी.